इचलकरंजीहून किती अंशांवर?

इचलकरंजीहून न्यूयॉर्क कोणत्या दिशेला आहे, असे विचारले तर बहुतेक जण भिंतीवरचा जगाचा नकाशा डोळ्यांपुढे आणतात आणि ‘पश्चिमेला, जरासे उत्तरेकडे’ असे सांगतात. मर्केटर पद्धतीच्या नकाशावर पट्टी ठेवून कोन मोजला तर या उत्तराला पुरावाही मिळतो. उत्तरेला शून्य धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजत गेले की पूर्व ९०, दक्षिण १८० आणि पश्चिम २७० अंशांवर येते. पट्टीने मोजलेला कोन २८१ अंशांच्या आसपास भरतो. आता तीच दोन ठिकाणे पृथ्वीच्या गोलावर शोधा आणि त्यांच्यामध्ये दोरा घट्ट ताणा. इचलकरंजीतून निघताना तो दोरा ३३४ अंशांकडे जातो. म्हणजे वायव्येच्याही पलीकडे, पश्चिमेपेक्षा उत्तरेच्या कितीतरी जवळ. दोन उत्तरांत ५३ अंशांचे अंतर आहे, आणि तरीही दोन्हींचे गणित बिनचूक आहे. दोन्ही ठिकाणी अक्षांश-रेखांश तेच वापरले आहेत. चूक आहे ती प्रश्नात, कारण तो अर्धवट विचारला गेला आहे. दोन ठिकाणांमधली दिशा ही नकाशावर आयती पडलेली वस्तू नसते. कुठून पाहायचे, कोणती उत्तर धरायची आणि कोणत्या वाटेने जायचे, या तीन गोष्टी ठरल्या तरच तिला अर्थ येतो. मोबाइलच्या पडद्यावर एक सुबक आकडा उमटतो तेव्हा या तिन्ही गोष्टी कुणीतरी आपल्या वतीने ठरवलेल्या असतात. त्या कोणत्या, हे वापरणाऱ्याला कळायला हवे.

सुरुवात जवळच्या अंतराने करू, कारण तिथे हे गणित कागदावर करता येते. इचलकरंजी साधारण १६.६९ अंश उत्तर अक्षांश आणि ७४.४६ अंश पूर्व रेखांशावर आहे, सांगली १६.८५ उत्तर आणि ७४.५८ पूर्व. म्हणजे सांगली ०.१६ अंश उत्तरेला आणि ०.१२ अंश पूर्वेला. या दोन आकड्यांचा थेट भागाकार करून कोन काढला तर तो जवळपास ३७ अंश येतो. पण इथे एक गोष्ट निसटते. अक्षांशाचा एक अंश आणि रेखांशाचा एक अंश जमिनीवर सारखे नसतात. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येतात, त्यामुळे विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितका रेखांशाचा अंश आखूड होतो. इचलकरंजीच्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे ११०.७ किलोमीटर, तर पूर्व-पश्चिम एक अंश म्हणजे सुमारे १०६.७ किलोमीटर. या हिशेबाने सांगली १७.७ किलोमीटर उत्तरेला आणि १२.८ किलोमीटर पूर्वेला ठरते. सरळ अंतर सुमारे २२ किलोमीटर आणि दिशा ३६ अंश. फरक एकाच अंशाचा, पण २२ किलोमीटरवर तो अंश पावणेचारशे मीटरच्या आसपास जातो. महाराष्ट्र विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ आहे म्हणून ही चूक इथे लहान राहते. लंडनच्या अक्षांशावर हाच आळस केला तर ईशान्येकडच्या दिशेत तेरा अंशांपर्यंत चूक होऊ शकते.

हे गणित संगणकावर मांडताना आणखी दोन खड्डे लागतात. नुसता भागाकार केला तर सांगली इचलकरंजीच्या ईशान्येला आहे की नैर्ऋत्येला, हेच समजत नाही, कारण दोन्ही आकडे ऋण असले तरी भागाकार तोच येतो. म्हणून गणकात एक वेगळे सूत्र असते. ते पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण या फरकांची चिन्हे स्वतंत्रपणे पाहून कोन कोणत्या चतुर्थांशात पडतो ते ठरवते. एक्सेलमध्ये हे सूत्र दोन आकडे एका क्रमाने मागते आणि बहुतेक संगणकीय भाषांमध्ये नेमक्या उलट क्रमाने. क्रम चुकला की पूर्वेची उत्तर होते. शिवाय उत्तर येते ते रेडियनमध्ये, अनेकदा ऋण. त्याचे अंशांत रूपांतर करून, ऋण असल्यास ३६० मिळवावे लागतात. नव्याने ॲप लिहिणाऱ्याच्या हातून दिशेच्या ज्या चुका होतात, त्यांतल्या पुष्कळशा भूगोलाच्या नसून अशा हिशेबाच्या असतात. त्या पकडण्याचा उपाय सोपा आहे: ज्याची दिशा आपल्याला पक्की माहीत आहे असे एक गाव घेऊन पाहावे. इचलकरंजीहून कोल्हापूर जवळजवळ थेट पश्चिमेला आहे. गणकाने २७२-२७३च्या आसपास आकडा दिला तर सूत्र ठीक. तीन किंवा १७७ दिला तर कुठेतरी उलटापालट झाली आहे.

इथे पहिला आक्षेप येतो. एवढी खटपट कशाला, पडद्यावरच्या नकाशावर दोन ठिकाणे दिसतात, त्यांच्यामधल्या रेषेचा कोन मोजला की झाले. जवळच्या अंतरासाठी हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे श्रेय १५६९ साली आपला प्रसिद्ध नकाशा छापणाऱ्या गेरार्डस मर्केटरला जाते. त्याने रेखांशाच्या रेषा समांतर केल्या. त्यामुळे पूर्व-पश्चिम अंतर जितके ताणले गेले, तितकेच त्याने त्या जागी उत्तर-दक्षिण अंतरही ताणले. परिणामी ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसू लागले, पण कुठल्याही लहानशा भागातले कोन शाबूत राहिले. गूगल मॅप्ससारख्या नकाशांनी हीच पद्धत थोड्या फेरफाराने उचलली. चौकातला काटकोन पडद्यावरही काटकोन दिसावा, हे रस्त्यांच्या नकाशात फार महत्त्वाचे असते. त्यामुळे इचलकरंजी ते सांगली किंवा मिरज अशी रेषा पडद्यावर मोजली तर उत्तर पुरेसे बरोबर येते. अक्षांश-रेखांशांच्या कच्च्या आकड्यांवर विसंबणारा चुकतो आणि पडद्यावर पट्टी ठेवणारा बरोबर ठरतो, असा हा उलटा प्रकार आहे. पण ही सवलत जवळच्या गावांपुरतीच. अंतर हजारो किलोमीटर झाले की पडद्यावरची सरळ रेषा आणि जमिनीवरची सर्वांत जवळची वाट यांची फारकत होते.

ही फारकत इचलकरंजीत रोज ज्या प्रश्नात अडकलेली असते, तो प्रश्न नमाजाचा आहे. या वस्त्रनगरीत मुस्लिम कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि नमाज मक्केतल्या काबाकडे, म्हणजे किब्ल्याकडे तोंड करून पढला जातो. काबा २१.४२ उत्तर अक्षांश आणि ३९.८३ पूर्व रेखांशावर आहे. मर्केटर नकाशावर इचलकरंजीपासून काबापर्यंत रेषा ओढली तर ती २७८ अंशांवर जाते. गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेने, म्हणजे पृथ्वीला केंद्रातून कापणाऱ्या प्रतलाच्या बृहद्वृत्तावरून, काबा २८४ अंशांवर येतो. फरक साडेपाच अंशांचा. २८४ची दिशा धरून सरळ गेलेला माणूस सुमारे ३,६७० किलोमीटरनंतर मक्केत पोहोचेल. २७८ धरून तसाच सरळ गेलेला माणूस मक्केपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटर बाजूने निघून जाईल. उलट दिशेचा हिशेब तर आणखी बुचकळ्यात टाकतो. इचलकरंजीहून मक्का २८४वर, तर मक्केहून इचलकरंजी त्याच्या बरोबर विरुद्ध, १०४ अंशांवर असायला हवी, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती ९२ अंशांवर, म्हणजे जवळजवळ थेट पूर्वेला येते. वाट एकच असते. पण प्रत्येक ठिकाणची उत्तर वेगळ्या बाजूला असते, म्हणून त्या एकाच वाटेचा अंश प्रवासात बदलत जातो. कुठून पाहायचे, हा प्रश्न आधी का विचारावा लागतो, त्याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

ही अडचण संगणकाने निर्माण केलेली नाही. अल-बिरुनीने सुमारे १०२५ साली शहरांचे अक्षांश-रेखांश ठरवण्यावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. त्यातला एक मुख्य प्रश्न गझनीहून मक्केची दिशा काढण्याचा होता, आणि तो त्याने गोलावरच्या त्रिकोणमितीने सोडवला. आज मोबाइलमधले किब्ल्याचे ॲप तेच गणित एका क्षणात करते. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांशी किंचित चपटी आहे, हेही त्यात धरायचे असेल तर थॅडियस व्हिन्सेंटीची १९७५ सालची सूत्रे आहेत. त्याने उत्तरात पडणारा फरक मात्र अंशाच्या लहानशा भागाएवढाच असतो. हजार वर्षांत अचूकता वाढली. मूळ निर्णय, म्हणजे पृथ्वी गोल धरून जवळची वाट काढायची, तोच राहिला.

यावर दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जवळची वाट हीच दिशा, असे का मानायचे? एकच अंश धरून, होकायंत्राचा काटा न बदलता गेले तरी माणूस पोहोचतोच. मर्केटरचा नकाशा खलाशांना आवडला तो याचसाठी. ही वाट नक्कीच वैध आहे. फक्त ती लांब आहे. इचलकरंजीहून न्यूयॉर्कला कायम २८१ अंश धरून जायचे म्हटले तर सुमारे साडेचौदा हजार किलोमीटर पडतात. बृहद्वृत्ताने पावणेतेरा हजारांहून थोडे जास्त. पण ‘ते ठिकाण कुठल्या बाजूला आहे’ या प्रश्नाचे उत्तर देताना लांब-आखूड वाटेपेक्षा मोठा साक्षीदार आकाशात आहे. दरवर्षी २८ मेच्या सुमारास आणि १६ जुलैच्या सुमारास दुपारी सूर्य काबाच्या बरोबर डोक्यावर येतो. भारतीय वेळेनुसार मे महिन्यात तो क्षण दुपारी २ वाजून ४८ मिनिटांचा, जुलैत २ वाजून ५७ मिनिटांचा. त्या क्षणी इचलकरंजीतून सूर्य ज्या बाजूला दिसतो, तीच काबाची बाजू, कारण सूर्य त्याच्या माथ्यावरच उभा असतो. जुलैत ढग आड येतील, पण मेअखेरीस पूर्वमोसमी आभाळ नसेल तर ऊन मिळते. सपाट जागेवर एक मीटरची काठी ओळंब्याने उभी करावी. त्या वेळी सूर्य क्षितिजापासून सुमारे ५७ अंश उंच असतो, त्यामुळे सावली साधारण ६५ सेंटिमीटर पडते. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुडाकडे पाहिले की ती रेषा २८४ अंशांवर जाते, २७८वर नाही. दोन्हींमधला फरक सावलीच्या टोकाशी सुमारे सहा सेंटिमीटरचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसण्याजोगा आहे. खरी उत्तर-दक्षिण रेषा आधी आखून ठेवायची असेल तर आपल्याकडची शंकूची जुनी पद्धत पुरते: काठीभोवती वर्तुळ काढावे, सकाळी आणि दुपारनंतर सावलीचे टोक वर्तुळाला जिथे शिवते ते दोन बिंदू जोडावेत, ती रेषा पूर्व-पश्चिम. कुठलेही ॲप, कुठलाही नकाशा न वापरता बृहद्वृत्ताचे उत्तर असे अंगणात पडताळता येते. म्हणूनच ते गणितज्ञांच्या हौसेपोटी आलेले उत्तर म्हणता येत नाही.

याचा अर्थ असा घेऊ नये की साधारण पश्चिमेकडे तोंड करून बांधलेल्या जुन्या मशिदी चुकल्या. भारतातल्या अनेक जुन्या मशिदींची दिशा ढोबळ पश्चिम आहे, आणि दूर राहणाऱ्याने काबाच्या बाजूला तोंड करणे पुरेसे, अंशाचा काटेकोरपणा बंधनकारक नाही, असे मानणारी भक्कम धर्मशास्त्रीय परंपराही आहे. तो निर्णय श्रद्धेचा आणि धर्माच्या जाणकारांचा. गणिताचे काम एवढेच, की अंश सांगायचाच असेल तर तो कशाच्या आधारे सांगितला हेही सांगावे. अमेरिकेत हा मुद्दा नुसता तात्त्विक राहत नाही. तिथल्या पूर्व किनाऱ्यावरून सपाट नकाशावर मक्का पूर्वेला, जराशी दक्षिणेकडे दिसते आणि बृहद्वृत्ताने ईशान्येकडे. वॉशिंग्टनमध्ये १९५७ साली खुल्या झालेल्या इस्लामिक सेंटरने बृहद्वृत्ताची ईशान्य दिशा स्वीकारली. इचलकरंजीतला साडेपाच अंशांचा मतभेद तिथे जवळजवळ अर्ध्या काटकोनाएवढा रुंदावतो, म्हणून कोणती वाट धरली हे तिथे सांगावेच लागते.

आता वाट ठरली, जागा ठरली, आणि गणिताने २८४ हा आकडा दिला. पण तो आकडा जमिनीवर उतरवायचा तर उत्तर कुठे आहे ते कळायला हवे, आणि घोटाळ्याची खरी जागा हीच. पृथ्वीच्या अक्षाचे टोक म्हणजे भौगोलिक उत्तर; होकायंत्राची सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर. दोन्हींमधल्या कोनाला दिक्पात म्हणतात. महाराष्ट्रात तो सध्या एक-दीड अंशाच्या आत आहे, म्हणून आपल्याकडे तो सहज विसरला जातो. जगात काही ठिकाणी तो वीस अंशांपलीकडे जातो. शिवाय तो स्थिर नाही. पृथ्वीच्या गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीमुळे चुंबकीय क्षेत्र सरकत राहते, म्हणून मोबाइल आणि विमाने वापरतात ते जागतिक चुंबकीय प्रारूप दर पाच वर्षांनी नव्याने काढावे लागते. चुंबकीय ध्रुव अपेक्षेपेक्षा वेगाने सरकल्याने २०१९ साली तर ते मुदतीआधीच सुधारावे लागले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या स्थलदर्शक पत्रकांवर समासात दिक्पात छापलेला असे, सोबत तो कोणत्या वर्षाचा हेही. इचलकरंजी ज्या पत्रकात येते त्या ‘४७ एल’ गटातले जुने पत्रक हाती घेऊन त्यावरचा दिक्पात आज तसाच वापरला तर तो शिळा आकडा ठरेल. कागदावर वर्ष तरी दिसते. मोबाइलमधली अनेक ॲप्स मात्र दाखवलेला अंश खऱ्या उत्तरेपासूनचा की चुंबकीय उत्तरेपासूनचा, हे सेटिंग उघडल्याशिवाय कळू देत नाहीत.

सुईला पृथ्वीपेक्षा जवळचे लोखंड अधिक जोरात ओढते, हे महाराष्ट्राने फार पूर्वी अनुभवले आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४०च्या दशकापासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने नोंदी बिघडतील हे वेधशाळेचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी ओळखले आणि १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली. तिथली इमारत चुंबकीय नसलेल्या दगडांनी बांधली गेली, आणि मुंबईच्या जुन्या नोंदींशी सांधा तुटू नये म्हणून काही काळ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेतली गेली. आज हे काम भारतीय भूचुंबकत्व संस्था करते. तिचे मुख्यालय नवीन पनवेलला आहे. योगायोगाने त्याच १९०४ साली इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. पुढच्या शतकात हे गाव यंत्रमागांनी भरून गेले आणि ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणवू लागले. ओतीव लोखंडाचे माग, त्यांच्या मोटारी, पत्र्याची छपरे, काँक्रीटमधल्या सळया, विजेचे केबल: मोबाइलच्या होकायंत्राला चुकवायला याहून सोयीची जागा नाही. मागाच्या चौकटीवर मोबाइल ठेवून काढलेली उत्तर मागाची असते, पृथ्वीची नव्हे. मोबाइल हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवला की तो स्वतःमधल्या लोखंडाचा आणि चुंबकांचा परिणाम वजा करू शकतो. शेजारच्या मागाचा परिणाम त्याला वजा करता येत नाही. म्हणून कारखान्याची किंवा घराची दिशा ठरवायची असेल, मग ती वास्तुशास्त्रासाठी असो की नव्या शेडच्या आखणीसाठी, तर सुईवर न जाता उपग्रहचित्रावर भिंतीची दोन टोके घेऊन त्यांच्यामधला अंश गणिताने काढावा. भिंत पुरेशी लांब असेल तर ही पद्धत शेडमधल्या सुईपेक्षा कितीतरी भरवशाची ठरते, कारण तिला लोखंड दिसतच नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. एवढी अचूकता लागते कुणाला? उत्तर कामावर अवलंबून आहे. गिरणीच्या छपरावर सौर पॅनेल बसवताना ते दक्षिणेपासून पाच-दहा अंश वळले तर वीजनिर्मितीत पडणारा फरक नगण्य असतो. तिथे सुई चालेल. घरावर बसवलेली छत्री मात्र एवढी उदार नसते. डीडी फ्री डिशची प्रक्षेपणे देणारा जीसॅट-१५ उपग्रह विषुववृत्ताच्या माथ्यावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाला आहे. इचलकरंजीहून त्याची दिशा सुमारे १३० अंश येते. दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले की चित्र जाते. बसवणारा कारागीर छत्री ढोबळ आग्नेयेकडे वळवतो आणि सिग्नल मिळेपर्यंत ती हलवत राहतो. म्हणजे चूक तिथेच उघड होते आणि तिथेच दुरुस्त होते. दोन मोबाइल टॉवरांमधल्या दुव्याच्या डिशचा झोत याहूनही अरुंद असू शकतो. धोका असतो तो जिथे चूक दाखवून देणारा सिग्नल नाही अशा कामात. नकाशावर एक रेषा आखली, तिच्या आधाराने निर्णय घेतला आणि ती चुकली हे वर्षांनंतर कळले, असे होऊ शकते.

कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिराचा किरणोत्सव हे अशा कामाचे जवळचे उदाहरण. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येऊन क्रमाने देवीचे चरण, मध्यभाग आणि मुखापर्यंत पोहोचावेत, अशी या मंदिराची रचना आहे. दोन्ही काळ २१-२२ डिसेंबरपासून सारख्याच, साधारण एकेचाळीस दिवसांच्या अंतरावर आहेत, त्यामुळे दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर जवळपास एकाच जागी मावळतो. ती जागा थेट पश्चिमेला नाही. कोल्हापूरच्या अक्षांशावर त्या दिवसांत सूर्य पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेकडे, म्हणजे २५२ अंशांच्या आसपास मावळतो. किरणांच्या वाटेत उंच इमारती आणि इतर अडथळे येतात, ही तक्रार कोल्हापुरात अनेक वर्षे चालत आली आहे. कोणत्या इमारती वाटेत आहेत हे ठरवायचे तर मंदिरापासून २५२ अंशांची रेषा नकाशावर आखावी लागते. ‘मंदिर पश्चिमाभिमुख आहे’ एवढ्यावर थांबून २७०ची रेषा आखली तर पाचशे मीटर अंतरावर ती खऱ्या वाटेपासून दीडशे मीटरच्या आसपास बाजूला जाईल आणि भलत्याच घराकडे बोट दाखवेल. इथे सिग्नल जाऊन चूक कळण्याची सोय नाही. दिशा आधी नीट मांडली तरच वाद तथ्यावर होतो.

एक शेवटचा आक्षेप राहतो. बिंदूच अचूक असतात, मग दिशेबद्दल एवढा संशय का? बिंदूही कुणीतरी ठरवलेलेच असतात. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासजवळ सुरू केलेले भारताचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण साखळ्या आणि कोनमापकांनी इंच इंच पुढे सरकले. ते काम करतानाच १८२३ साली त्याचा मृत्यू वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला झाला आणि त्याची कबर तिथे आहे. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने पृथ्वीचा जो आकार ठरवला, त्यावर भारताचे जुने नकाशे बसवले गेले. जीपीएस वेगळा आकार धरते. जुन्या पत्रकावरून वाचलेले अक्षांश-रेखांश रूपांतर न करता आजच्या डिजिटल नकाशावर ठेवले तर बिंदू सरकतो. दूरच्या दिशेत त्याने काही बिघडत नाही. गल्लीतल्या दोन घरांमधली दिशा मात्र पार बदलू शकते. अंतर जितके कमी, तितकी बिंदूची अचूकता महत्त्वाची. अंतर जितके जास्त, तितकी वाटेची निवड महत्त्वाची.

भारतीय ज्योतिषाच्या सिद्धान्तग्रंथांमध्ये ‘त्रिप्रश्न’ नावाचा एक अधिकार असतो. दिशा, स्थान आणि काळ हे तीन प्रश्न त्यात एकत्र सोडवले जातात. ही मांडणी आजच्या डिजिटल नकाशालाही लागू पडते. स्थान बदलले की दिशेचा अंश बदलतो, आणि काळ बदलला की सुईची उत्तर बदलते. म्हणून ॲप बनवणाऱ्यांनी आकड्याच्या शेजारी दोन गोष्टी ठळकपणे लिहाव्यात: उत्तर खरी की चुंबकीय, आणि वाट बृहद्वृत्ताची की नकाशावरच्या सरळ रेषेची. शाळांनी भूगोलाच्या तासाला मुलांकडून स्वतःच्या गावाहून दोन दिशा काढून घ्याव्यात, एक शेजारच्या तालुक्याची आणि एक दुसऱ्या खंडातल्या शहराची. पहिलीत सपाट नकाशा पुरतो आणि दुसरीत का पुरत नाही, हे मुलांना सांगावे लागणार नाही. आणि यापुढे कुणी अमुक ठिकाण अमुक अंशांवर आहे असे सांगितले, तर तो आकडा स्वीकारण्याआधी वाचकांनी एवढे विचारावे: कुठून मोजले, कोणत्या उत्तरेपासून, आणि कोणत्या वाटेने? ज्याला हे सांगता येत नाही, त्याच्या आकड्यावर भिंत उभारू नये.